बालवाचनालयाच्या पाटीसाठी जाड, गोलसर फॉन्ट: बलू की पॉपिन्स?

रेघोट्या_सातारा:
कॉलनीत मुलांसाठी वाचनालय सुरू करतोय. ८ बाय ३ फुटांची पाटी करायची आहे. वर मोठं 'किलबिल बालवाचनालय', खाली लहान 'मुलांसाठी मुक्त प्रवेश'. अक्षरं जाड, गोलसर, मुलांना आपली वाटतील अशी हवीत. बलू आणि पॉपिन्स आवडलेत. नियमांचा कागदही त्याच फॉन्टमध्ये करू का?

पाटीकार:
दादा, वरच्या ओळीला बलूच घ्या. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा आहे, खुल्या परवान्याचा, त्यामुळे पैसे पडत नाहीत. पॉपिन्सची अक्षरं वर्तुळाच्या मापात बसवलेली, रेघ सगळीकडे जवळजवळ सारख्या जाडीची. देखणा आहे, पण त्याची टोकं सरळ कापलेली आहेत आणि स्वभाव ऑफिसचा आहे. बलूत भूमितीची शिस्त कमी, पण टोकं मऊ, अंग भरलेलं. लहान मुलांच्या दारावर तेच शोभतं.

अ‍ॅक्रिलिक कापून अक्षरं लावणार असाल तर बलूचा आणखी फायदा. अक्षरं कापणाऱ्या राउटर यंत्राचं पातं गोल फिरतं, त्यामुळे आतला कोपरा टोकदार निघतच नाही; या फॉन्टला ते खटकत नाही. शिरोरेषेमुळे 'किलबिल' अख्खा एका तुकड्यात येतो. 'मुलांसाठी'तला अनुस्वार मात्र सुटा तुकडा, तो बसवायची जागा कागदी साच्यावर आधीच खुणावून घ्या. आत एलईडी घालायचे तरी जाड रेघेत जागा मिळते.

आता जाडीचं. बलूच्या नव्या आवृत्तीत, बलू २ मध्ये, ४०० ते ८०० अशा जाड्या आहेत. वरच्या ओळीला ८०० बिनधास्त घ्या. खालच्या लहान ओळीला ६०० पुरे. जाडी वाढली की अक्षराच्या पोटातली पोकळी बुजते. 'ब'मधली तिरकी रेघ बुजली की लांबून तो 'व' वाचला जातो, आणि मागून उजेड सोडला तर पोकळी आणखी भरल्यासारखी दिसते. ओळ लांब दिसावी म्हणून अक्षरांत अंतर मात्र वाढवू नका, शिरोरेषा तुटते. मला तुटलेली शिरोरेषा कुठल्याही पाटीवर बघवत नाही.

अक्षरवेडी:
नियमांचा कागद बलूत नको. १२ पॉइंटला टोकांचा गोलावा दिसतच नाही, नुसता काळा पट्टा दिसतो. एक टाइपचाच मुक्ता घ्या, तो सलग मजकुरासाठी बरा. आणि तुमच्या वाचनालयाच्या नावात 'ल' चारदा आहे! सॉफ्टवेअरमध्ये भाषा हिंदी नाही, मराठी निवडा आणि 'ल', 'श' मराठी वळणाचे येतात का ते फॉन्टमध्ये आधी तपासा. मुलं अक्षर गिरवायला शिकतात त्याच वळणाचं पाटीवर असावं, याबाबत मी हट्टी आहे.

सोलापूरकर:
आमच्याकडे पाटीवर कधी कन्नड, कधी तेलुगूही लागतं. बलू तम्मा कन्नडसाठी, बलू तम्मुडू तेलुगूसाठी. तिन्ही लिप्या एकाच अंगाच्या दिसतात, एखादी परकी वाटत नाही. इतका भारदस्त गोलसर संच फुकट मिळतो, तो वापरायलाच हवा.

रेघोट्या_सातारा:
खूप आभार. आमचे फ्लेक्सवाले जुनं कोरलड्रॉ सॉफ्टवेअर वापरतात, त्यात 'प्र' आणि 'क्त' फुटतात. काय करू?

पाटीकार:
घरी इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाका, अक्षरांचे पाथ (म्हणजे नुसते आकार) करा आणि पीडीएफ द्या. मग त्यांच्याकडे फॉन्ट असो-नसो, जोडाक्षरं फुटणार नाहीत. कापायला देण्याआधी एक शब्द खऱ्या मापात कागदावर काढून भिंतीला चिकटवा आणि रस्त्यापलीकडून वाचून बघा.