‘जलमूल्य’, ‘मोल’ की आणखी काही?

अनुवादिका: आइसलँडच्या वीजबाजारावरचा लेख मराठीत करतेय. ‘वॉटर व्हॅल्यू’ला ‘जलमूल्य’ लिहिलं, संपादकांनी ते ‘पाणीपट्टी’ केलं. अर्थच गेला. तलावातल्या पाण्याची पट्टी नाही हो ही. आज टर्बाइनवर सोडलेलं पाणी जानेवारीत हाताशी नसणार, त्या नसण्याची ही किंमत. तलाव भरून सांडव्यावरून वाहायला लागला की ती शून्य. शब्द सुचवा.

कोयनाकाठ: सरळ ‘मोल’ घ्या. ‘मूल्य’च झिजून ‘मोल’ झालंय, पण जिभेवर बसलंय.

सदाशिव_पेठ: नको. ‘पाण्याच्या मोलानं विकलं’ म्हणजे अगदी स्वस्तात. वाचक उलटंच समजेल.

कोयनाकाठ: ते हिंदी वळण आहे. आपलं मातीमोल, नाहीतर कवडीमोल.

सदाशिव_पेठ: माझ्या आजीला हिंदीचा एक शब्द येत नव्हता. ‘पाण्याच्या मोलानं बैल दिला’ हे मी तिच्याच तोंडून ऐकलंय. ऐकलेलं कसं खोडणार?

निवृत्त_अभियंता: आधी वस्तू बघा. आइसलँडला दुसऱ्या देशाची वीज आणणारी केबल नाही. वस्ती चार लाखांच्या आसपास. सुमारे 70 टक्के वीज पाण्याची, बाकी जवळजवळ सगळी भूगर्भातल्या उष्णतेची. उन्हाळ्यात हिमनद्या वितळून तलाव भरतात, हिवाळ्यात आवक आटते. डिसेंबर 2021 मध्ये तलाव खाली गेले, तेव्हा तिथल्या सरकारी वीजकंपनीनं मासळीचं पीठ करणाऱ्या कारखान्यांचा पुरवठा थांबवला. कारखान्यांना तेल जाळावं लागलं. म्हणजे त्या दिवसांत पाण्याचं मोल तेलाच्या हिशेबानं लागत होतं. आणि खरी गोम अशी की मोठे तलाव बहुतेक त्या एकाच कंपनीकडे. तिनं चढा भाव मागितला, तर तो पाणी राखण्यासाठी की आपलीच मक्तेदारी म्हणून, हे बाहेरच्याला कळणं महाकठीण. म्हणून ‘भाव’ वेगळा आणि ‘मोल’ वेगळं, हे लेखात पाळाच. भाव मागता येतो, मोल हिशेबानं काढावं लागतं.

कोयनाकाठ: आमच्या कोयनेत वीजेसाठी पश्चिमेला वळवायच्या पाण्याला लवादानं वर्षाला 67.5 टीएमसीची हद्द घातलीय. ते मे अखेरपर्यंत पुरवायचं. तिथेही शब्द ‘राखणं’च. मग ‘राखणमोल’ का नको?

सदाशिव_पेठ: जोडशब्द पाडायची एवढी घाई कशाला? ‘जलमूल्य’ कोशात शोभेल, समजेलही.

अनुवादिका: कोशात शोभेल, पण संपादकांनी त्याचीच तर पाणीपट्टी केली.

माळावरची: ‘राखणमोल’ आमच्याकडे चालणार नाही. राखणीचं मोल म्हणजे राखणदाराची मजुरी. ज्वारी हुरड्यात आली की आई माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायची, दिवसाला दोन पायल्या ठरलेल्या.

कोयनाकाठ: दोन पायल्या? आमच्याकडे पायलीवर कुणी देत नसे. कुठलं गाव?