मुंडा दिवाणखान्यात आला, तर कथाही येते का?

पळसफूल (धागा):
नागपुरातील एका हस्तकला मेळ्यात मेळघाटातील कोरकू आदिवासींच्या मुंड्याची हातभर उंच प्रतिकृती पाहिली. मुंडा म्हणजे मृतासाठी सिडोलीच्या विधीत उभारला जाणारा कोरीव सागवानी फलक. वर सूर्य-चंद्र, मधोमध घोडेस्वार. घोड्याच्या पोटाशी छिन्नीच्या खुणा तशाच होत्या, पॉलिश कागद फिरवलेला नव्हता, आणि तेच मला आवडले. चिठ्ठीवर मात्र ‘आदिवासी योद्धा, भिंतीवरील सजावट’ एवढेच. जी वस्तू नातलगांच्या गाण्यानाचण्यात, मृताचे नाव घेऊन उभी राहते, ती त्या प्रसंगापासून तोडली की गिऱ्हाइकापर्यंत फक्त आकार पोहोचतो. माझ्या मते अशा प्रतिकृती विकूच नयेत.

महालकर:
पूर्ण असहमत. चूक चिठ्ठी लिहिणाऱ्याची, आणि शिक्षा मात्र कारागिराला? १८६३ साली स्थापन झालेल्या आपल्या अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, आदिवासी वस्तू काचेआड ठेवल्याच आहेत. तिथे तरी कोण गाणी म्हणते? बस्तरच्या लाकडी कोरीवकामाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिथल्या घोटुलातला, म्हणजे तरुण मुलामुलींच्या सामूहिक घरातला, मुरिया गोंड मुलगा आवडत्या मुलीसाठी लाकडी फणी कोरत असे. आज तेच कसब बाजारासाठी वापरून कोणी घर चालवत असेल, तर त्याला अडवणारे आपण कोण?

पळसफूल:
फणीचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. कोणती फणी कोणी दिली हे केसांत माळणारीला ठाऊक असे. मेळ्यात ती घेणाऱ्याला तिची किंमत तेवढी ठाऊक असते. कारागिराच्या पोटाचा मुद्दा मात्र मान्य, आणि ‘विकूच नयेत’ हे मी रागाच्या भरात लिहिले.

धारणीचा, सध्या हिंगण्यात:
मी कोरकू आहे. आपण दोघेही लाकडावर वाद घालत आहात, पण कथा एकट्या लाकडाने कधीच सांगितलेली नाही. गोंडांकडेही तेच: त्यांचा परंपरागत कथागायक परधान बाना हे तंतुवाद्य वाजवत गातो तेव्हा देवांची आणि कुळांची कथा उभी राहते; नुसता बाना खुंटीला टांगला तर ते एक वाद्य. (मेळ्यात असे टांगलेले पुष्कळ दिसतात.) विक्रीला माझी हरकत नाही, कारण विकायला कोरलेला फलक आणि माणसासाठी कोरलेला फलक यांत आमच्या घरी कधी गल्लत झाली नाही, पहिल्याला कोणी कोंबडे दाखवत नाही. हरकत आहे ती मानधनाची. कोरणाऱ्याला पैसे मिळतात, मग त्याच मांडवात बसून आमच्या बोलीत सांगणाऱ्या म्हाताऱ्याला फक्त चहा का? आणि ती चिठ्ठी एकदा त्याच्याकडून लिहून घ्यावी. आमच्याकडे तो घोडेस्वार योद्धा मानत नाहीत. ज्याच्यासाठी फलक कोरला, तो मेलेला माणूसच घोड्यावर बसलेला असतो.

महालकर:
हे मला माहीत नव्हते. माझ्या बैठकीत असाच एक फलक चार वर्षांपासून टांगलेला आहे, तोही टीव्हीच्या वर.