रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक बदलून पाय ५ घ्यावा, की आहे त्यालाच एसएसडी (वेगवान साठवण डिस्क) जोडावी?

टाकीभरली : घरातील २ जीबीच्या रास्पबेरी पाय ४ वर जाहिराती अडवणारे पाय-होल, फोटो घरच्याच सर्व्हरवर साठवणारे नेक्स्टक्लाउड आणि पाण्याच्या टाकीची मोटर बंद करणारी पायथन स्क्रिप्ट चालते. फोनवरून फोटो चढू लागले की सगळेच अडखळते. सर्व काही अजून मायक्रोएसडी कार्डावरच आहे. माझा कल ८ जीबीच्या पाय ५ कडे आहे. आपली मते कारणांसह द्यावीत.

जुनेतेसोने : माझ्या मते घेऊ नये. नेक्स्टक्लाउडचा डेटाबेस सतत बारीकसारीक नोंदी लिहीत असतो आणि नेमके तेच काम मायक्रोएसडीला झेपत नाही. फोटो चढत असताना ‘टॉप’ ही संगणकावरचा ताण दाखवणारी आज्ञा उघडून ‘डब्ल्यूए’ (डिस्कची वाट पाहण्यात गेलेल्या वेळाची टक्केवारी) हा आकडा पाहावा. तो मोठा आणि ‘यूएस’ (प्रोग्रॅम चालवण्यात गेलेला वेळ) लहान असेल, तर प्रोसेसर रिकामा बसून कार्डाची वाट पाहत आहे, असे समजावे. पाय ४ ला यूएसबी ३ आहे आणि तो यूएसबीवरून थेट बूटही होतो, त्यामुळे निळ्या पोर्टला एसएसडी जोडली की काम भागेल.

उघडीवायर : असहमत. एसएसडीने कार्डाचा प्रश्न सुटेल, मेमरीचा नाही, कारण ती बोर्डावरच डकवलेली असल्याने २ जीबीची ४ जीबी कधीच होणार नाही, आणि स्वॅप (मेमरी भरल्यावर तिच्याऐवजी वापरली जाणारी डिस्कवरची जागा) एसएसडीवर नेला तरी तो स्वॅपच राहतो. शिवाय घरचे फोटो असलेली डिस्क एनक्रिप्ट केलेली (किल्लीशिवाय वाचता न येणारी) असावी. पाय ४ च्या प्रोसेसरमध्ये एईएस या नेहमीच्या एनक्रिप्शन पद्धतीसाठीच्या खास सूचनाच नाहीत. पाय ५ मध्ये त्या आहेत.

जुनेतेसोने : अशाच प्रोसेसरांसाठी गूगलने २०१९ मध्ये अडिअँटम ही एनक्रिप्शन पद्धत आणली आणि लिनक्सवर डिस्क एनक्रिप्ट करताना ती निवडता येते. पाय ५ चा खर्च मात्र बोर्डाच्या किमतीवर थांबत नाही. त्याला ५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. जुन्या ३ अँपिअरच्या अडॅप्टरवर तो चालतो खरा, पण चारही यूएसबी पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो आणि त्यावर यूएसबी एसएसडी भरवशाने चालत नाही. पोर्टची जागा बदलल्याने जुनी केसही बसत नाही. कूलर वेगळाच.

डबाबाटली : इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी का नको? रॅम बदलता येईल असा पाहून घेतला, तर मेमरीचा वाद आपोआप मिटतो.

उघडीवायर : कारण त्याला जीपीआयओ पिना (बाहेरची उपकरणे जोडायच्या पिना) नसतात, मग मोटर चालू-बंद करणारा रिले कशाला जोडायचा? अर्थात पाय ५ वरही या पिना आरपी१ या वेगळ्या चिपमागे गेल्यामुळे त्या हाताळणारी जुनी आरपीआय.जीपीआयओ ही पायथन लायब्ररी चालत नाही, तेव्हा ती स्क्रिप्ट जीपीआयओझीरो या दुसऱ्या लायब्ररीवर आणावी लागेल, हे मी मान्य करतो.

टाकीभरली : ‘टॉप’ पाहिले. ‘डब्ल्यूए’ सत्तरच्या वर जातो, पण स्वॅपही जवळजवळ भरलेला दिसतो. म्हणजे दोघांनाही निम्मे गुण! तूर्त एसएसडी घेतो आणि पाय ५ स्वस्त होण्याची वाट पाहतो.

उघडीवायर : स्वस्त होईल या भरवशावर राहू नये, मेमरी चिप महागल्यामुळे २०२५ च्या अखेरीस पायच्या किमती उलट वाढल्या. एसएसडी घेताना मात्र साटा या जुन्या प्रकाराऐवजी एनव्हीएमई या वेगवान प्रकारची घ्यावी. आज ती यूएसबी एन्क्लोजरमध्ये घालून पाय ४ ला जोडता येईल आणि पुढे हॅट (पायवर बसणारा जोडबोर्ड) लावून पाय ५ च्या पीसीआयई या वेगवान जोडणीवर तीच चालवता येईल.