रोमन नाणं घ्यायचंय, बजेट २००० रुपये. सल्ला हवा

सातवीची_आई: लेकीला शाळेत दहा मिनिटं बोलायचंय, 'रोमन लोक नाण्यांचं काय काय करायचे' यावर. हातात धरून दाखवायला एक खरं नाणं हवंय. २००० च्या वर एक रुपया नाही. प्रदर्शनात एक बघून ठेवलंय: सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातलं, तांब्याचं, अंगठ्याच्या नखाएवढं. मागे दोन सैनिक, मध्ये झेंडे. पण वर भोक पाडलंय, म्हणून १२०० म्हणतोय. घेऊ का?

नाणेवेडा: भोकवालं अजिबात नको. चांदीचा डेनारियस घ्या. माझ्याकडे सम्राट त्राजानचा आहे, नाकाचं हाडसुद्धा दिसतं. पंधराएक हजार तयार ठेवा.

सातवीची_आई: काका, बजेट वाचलंत का?

नाणेवेडा: वाचलं. चांगली वस्तू माणूस एकदाच घेतो.

चिंचवडकर: मी असंच तांब्याचं घेतलं होतं. काळंहिरवं दिसत होतं म्हणून देवाच्या भांड्यांबरोबर चिंच लावून घासलं. लख्ख निघालं. सम्राटही निघून गेला.

नऊ_ते_सहा: मुलीला सांगा, रोमन सैनिकांना पगार मिठात मिळायचा. सॅलरी शब्द त्यावरूनच आला.

कोरडा_इतिहास: शब्दाचं नातं मिठाशी आहे, पण पगार नाण्यांत. ऑगस्टसच्या काळी साध्या सैनिकाला वर्षाला २२५ डेनारियस, तीन हप्त्यांत. त्यातूनच जेवण, कपडे, हत्यारं यांचे पैसे कापून घ्यायचे. उरलेला पैसा छावणीबाहेरच्या दारूवाल्याकडे, हमामात, आणि करातून पुन्हा सरकारकडे. आंघोळीला एक क्वाड्रन्स पुरे, म्हणजे डेनारियसचा ६४ वा हिस्सा.

नऊ_ते_सहा: कापून घ्यायचे? मग आमच्यासारखंच की.

खडकीची_खबर: चांदीचाच घ्या, +१. नाणं म्हणजे त्यांचं वर्तमानपत्र. इ.स.पू. ४४ मध्ये सीझरने जिवंतपणी स्वतःचा चेहरा छापून घेतला. त्याला मारल्यावर ब्रूटसने नाणं काढलं, त्यावर दोन खंजीर आणि मध्ये मुक्त झालेल्या गुलामाची टोपी. बातमी सांगायला अक्षरओळख लागत नव्हती.

आजीची_पुतळी: आमच्या पुतळीच्या माळेतल्या पुतळ्या रोमन नाण्यांवरूनच आल्यात ना?

कोरडा_इतिहास: नाही, त्या व्हेनिसच्या डुकाट या सोन्याच्या नाण्यावरून, हजारेक वर्षांनंतरच्या. रोमन म्हणायचं तर 'दीनार' म्हणा. गुप्तांच्या लेखांत सोन्याच्या नाण्याला तोच शब्द आहे.

आजीची_पुतळी: आजी तर रोमनच म्हणायची.

थेम्सकाठची_सून: इथे बाथ गावच्या गरम झऱ्यात १२,००० हून जास्त रोमन नाणी सापडली, देवीला वाहिलेली. आणि लंडनच्या ब्लॅकफ्रायर्सपाशी बुडालेल्या रोमन बोटीत डोलकाठीच्या खोबणीत एकच नाणं होतं, सम्राट डोमिशियनचं, मागे नशिबाची देवी. आपण घराच्या पायात नाणं ठेवतो तसंच. मेलेल्याच्या तोंडातही ठेवायचे, पलीकडच्या नावाड्याचं भाडं म्हणून. सातवीच्या पोरांना हे सांगा, २२५ चा हिशोब नको.

कोरडा_इतिहास: हिशोबाशिवाय नाणं कसलं? असो. ताई, घेण्याआधी भिंग लावून कड बघा. कडेला सलग शिवण दिसली तर साच्यात ओतलेलं, नकली. खरी नाणी दोन ठशांमध्ये ठोकलेली असतात. पावती घ्या. आणि घासू नका.

चिंचवडकर: घासू नका, हे मी आधीच लिहिलंय.

नाणेवेडा: भोकवालं पुढे कुणी विकत घेणार नाही, एवढं ध्यानात ठेवा.

सातवीची_आई: घेतलं. भोकवालंच, घासाघीस करून १००० ला. कड बघितली, शिवण नाही. भोकाची एक बाजू झिजून गुळगुळीत झालीय, दोरा तिथेच घासत असणार. लेक म्हणते, पगार, कर, आंघोळ सगळं तोंडी सांगेन, पण गळ्यात घालायचे हे दाखवता येईल. बाकी पैशांत तिने भिंग घ्यायला लावलं. चिंचेचा डबा वरच्या फळीवर ठेवलाय.

नाणेवेडा: विकायची वेळ आली तर माझ्याकडे येऊ नका.