मदत हवी आहे: दांड्या फुल्ल, पण गर्दीत तिकीट स्कॅन होत नाही

मोकळ्या मैदानावर कार्यक्रम आहे, २० हजारांच्या आसपास लोक. चार गेट, प्रत्येक गेटवर क्यूआर स्कॅन करणारे तीन फोन. गर्दी वाढली की ५जीच्या दांड्या फुल्ल असूनही ॲपचं चक्र नुसतं फिरत राहतं. गंमत म्हणजे साधा कॉल लागतो. बूस्टर लावावा, की दुसऱ्या कंपनीची सिम घ्यावीत?

प्रतिसाद १
टॉवर किती जोरात ऐकू येतोय एवढंच दांड्या सांगतात. त्याच्याकडे तुमच्यासाठी जागा आहे का, ते सांगत नाहीत. गर्दीत बहुधा अडतं ते फोनकडून टॉवरकडे जाताना. सगळे एकदम व्हिडिओ चढवत असतात आणि टीडीडी बँडवर (जिथे अपलोड आणि डाउनलोड एकाच लहरपट्ट्यावर आळीपाळीने चालतात) वेळेचा मोठा वाटा डाउनलोडसाठीच राखलेला असतो.

त्यात फोन काही सेकंद स्वस्थ बसला की त्याचं कनेक्शन सुटतं. पुढच्या स्कॅनला पुन्हा दार ठोठवा. ४जीच्या सेलमध्ये (टॉवरच्या एका पट्ट्यात) दर संधीला असे ठोठवायचे फक्त ६४ प्रिअँबल, म्हणजे ठरावीक संकेत, असतात. दोघांनी एकच उचलला की टक्कर, मग थांबून परत प्रयत्न. म्हणजे तिकीट तपासायला चार केबीसुद्धा लागत नसतील, पण आत शिरायलाच रांग. व्होल्टी (४जीवरून जाणाऱ्या) कॉलला डेटापेक्षा वरचा अग्रक्रम असतो, म्हणून तो निभावतो.

तेव्हा स्कॅनिंग नेटवर्कवर ठेवूच नका. ॲपला ऑफलाइन मोड आहे का बघा. एका तिकिटाला १०० बाइट धरले तरी २० हजारांची यादी २ एमबीत बसते. गेट उघडण्याआधी प्रत्येक फोनवर उतरवून घ्या. धोका एकच: त्याच तिकिटाचा स्क्रीनशॉट दोन फोनवर चालून जातो. त्यासाठी तिकिटावरच गेट क्रमांक छापा आणि त्या गेटचे तिन्ही फोन एका लॅपटॉपशी स्थानिक वायफायने जोडा. इंटरनेट लागत नाही.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, फक्त वायफायवालं नीट करा. २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि लोकांचे हॉटस्पॉट तिथेच कोंबलेले. ५ गिगाहर्ट्‌झ घ्या, रुंदी २० मेगाहर्ट्‌झ. राउटर टेबलावर नको, तीन मीटर उंच खांबावर हवा; माणसांची शरीरं सिग्नल खातात. लॅपटॉप राउटरला केबलनेच जोडा.

एक खोच: वायफायला इंटरनेट नाही हे कळलं की बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतात आणि लॅपटॉप 'सापडत नाही'. स्कॅनच्या फोनवर मोबाइल डेटा बंदच ठेवा.

बूस्टर मुळीच नको. परवानगीविना लावणं बेकायदा ठरू शकतं आणि तो टॉवरच्या कानात गोंगाटच वाढवतो. दुसरी सिम राखीव म्हणून ठीक, पण ती कंपनी खरंच वेगळ्या टॉवरवर आहे ना ते बघा. रिकाम्या मैदानावरची स्पीड टेस्ट काहीही सिद्ध करत नाही.

कंपनीकडे फिरता (गाडीवरचा तात्पुरता) टॉवर मागायचा तर बरेच आठवडे आधी बोला आणि तो मुख्य नेटवर्कला फायबरने जोडलाय की मायक्रोवेव्हच्या बिनतारी दुव्याने, हे विचारा. ही मागची नळी बारीक असेल तर तो नुसता शोभेचा.

धागाकर्ता
धन्यवाद, ऑफलाइन मोड आहे. स्वयंसेवकांच्या निरोपांचं काय? दर मिनिटाला एअरप्लेन मोड चालू-बंद करून उपयोग होतो का?

प्रतिसाद १
एकदा करून बघा, कधी कधी फोन मोकळ्या बँडवर जाऊन बसतो. दर मिनिटाला केलंत तर प्रत्येक वेळी नव्याने नोंदणी, म्हणजे तीच रांग तुम्हीच वाढवताय.

निरोपांना वॉकीटॉकी उत्तम. नाहीतर एसएमएस, तो सिग्नलिंगच्या वाटेने जातो. मात्र देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० च चिन्हं मावतात, काना-मात्रा वेगळ्या मोजून. त्यापुढे ६७-६७ चे तुकडे होतात आणि एक तुकडा अडकला की निरोप अर्धवट राहतो. 'गेट ३ बंद, २ कडे वळवा' एवढंच लिहा.