दारं आपटायची नोकरी

सरकारी असताना ब्रिटनची रेल्वे झकास होती, १९९४ नंतर खाजगी कंपन्यांनी वाट लावली, असं वर दोघांनी लिहिलंय. ऐंशीच्या दशकात लंडनच्या दक्षिणेला फलाटावर नोकरी केलीय, म्हणून थोडं मीठ घालतो.

आमच्या लोकल गाड्यांना बाकांच्या प्रत्येक रांगेला वेगळं दार. बऱ्याच दारांना आतून कडीच नसायची. काच खाली सरकवायची, हात बाहेर काढायचा आणि बाहेरची मूठ फिरवायची. सकाळी गाडी थांबायच्या आत साहेब लोक छत्र्या सांभाळत उड्या टाकायचे. मग आम्ही बारा डब्यांची उघडी दारं धाडधाड आपटत सुटायचं. मूठ तिरकी दिसली की समजायचं, दार नीट लागलेलं नाही. संडास थेट रुळांवर! खाली काम करणाऱ्या गँगला विचारा जुने दिवस किती सोनेरी होते ते. मुख्य मार्गांवरून त्या गाड्या जायला २००५ उजाडलं.

आता दारं आपोआप लागतात, एसी आहे. पण नव्या सीटांना लोक 'इस्त्रीची फळी' म्हणतात, ते खोटं नाही.

वेगाचं म्हणाल तर सरकारी रेल्वेची १९७६ साली आलेली 'इंटरसिटी १२५' ही गाडी ताशी २०० किमी धावायची. जुन्या मार्गांवर आजही तेवढाच वेग. मे २०२५ पासून एकेक कंपनी पुन्हा सरकारकडे येतेय. तिकिटं स्वस्त झाली तर कळवा, मी तोवर पासावर फिरतोय.