हरिश्चंद्रगड, डिसेंबर, सोबत वडील आणि लहान मुलगा : पाचनई की खिरेश्वर?

ओतूरची_लेक

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शुक्रवारी पहाटे चिंचवडहून निघून हरिश्चंद्रगडावर एक रात्र राहायचा बेत आहे. मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि माझे वडील. त्यांना आम्ही भाऊ म्हणतो. वय 67, एसटीतून निवृत्त, अजून रोज शेतावर फेरी असते, त्यामुळे चढायचं टेन्शन नाही. उतरताना उजवा गुडघा मात्र कुरकुरतो.

भांडण वाटेवरून आहे : पायथ्याच्या पाचनई गावातून चढायचं की खिरेश्वरमधून. भाऊ तरुणपणी ओतूरच्या दोस्तांबरोबर खिरेश्वरहूनच जायचे. "गडावर जायचं तर तोलार खिंडीतून, बाकीच्या वाटा पावण्यांच्या," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नवऱ्याने पाचनई पक्कं केलंय. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, मला सांगतात.

शेजाऱ्यांचे दोन तंबू मिळताहेत, ते न्यावेत का? वर पिण्याचं पाणी असतं का? मुलाला इंद्रवज्र (गोल इंद्रधनुष्य) बघायचंय, शाळेत कोणीतरी डोक्यात भरलंय. आणि शनिवारी उतरून रविवारी कळसूबाई जमेल का? नकाशात तर शेजारीच दिसतं.

कातळकडा

कळसूबाई आधी खोडून टाका. अभयारण्य एकच असलं तरी पाचनईहून कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावाला जायचं म्हणजे राजूरमार्गे घाटरस्त्याने बराच वळसा. शिवाय 1646 मीटरचं शिखर, शिड्या आणि ज्यांचा गुडघा कुरकुरतो ते भाऊ. तेवढ्या वेळात गड नीट बघा.

वाट : पाचनई. जावईबापू बरोबर आहेत, पण हे भाऊंना माझ्या नावाने सांगा. पाचनई मुळातच उंचावर आहे, त्यामुळे चढाई दोन-अडीच तासांची, मुलाबरोबर तीन धरा. थोड्या भागात कड्याला बिलगून जावं लागतं, तिथे रेलिंग आहेत, पुढे ओढ्याकाठाने वाट थेट गडावरच्या देवळाजवळ नेते. खिरेश्वरकडून तोलार खिंडीपर्यंत मजेत जाल. खिंडीनंतर कातळटप्पा, तोही रेलिंगमुळे सोपा झालाय. खरा दम निघतो त्यानंतर. एक टेकाड चढलं की देऊळ येईल असं वाटतं आणि पुढे आणखी एक टेकाड उभं. चार-पाच तास सहज जातात, उन्हात जास्त. पठारावर माणसं चुकतात तीही याच बाजूला. चढताना भाऊ तुम्हा सगळ्यांच्या पुढे असतील, मला शंका नाही. दुसऱ्या दिवशी तोच कातळ उतरायचाय, प्रश्न तिथे आहे.

इंद्रवज्र : मुलाला गणित समजावून सांगा, आवडेल. सूर्य पाठीशी हवा आणि समोर खाली दरीत धुकं हवं. गडाच्या कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला, म्हणजे वेळ सकाळची. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इथे गोल इंद्रधनुष्य पाहिल्याची नोंद सगळे सांगतात. डिसेंबरात हवा कोरडी असते, कड्याखाली ढग साचणं नशिबाचा भाग. त्यापेक्षा संध्याकाळी कड्यावर बसवा. सूर्य कोकणात उतरताना दिसतो आणि त्याला कुठलंही नशीब लागत नाही. काठापाशी मात्र पालथं झोपूनच डोकवायचं, मुलाचे पाय धरायला एक मोठा माणूस मागे. यात भाऊंचंही ऐकू नका.

तंबू नेऊ नका. एवढं ओझं वाहून कड्याजवळ ठोकाल आणि रात्रभर वारा कापड फडफडवत ठेवेल.

प्रवरेकाठचा

मी राजूरचा. वरच्या दादांचं बरोबर आहे, फक्त एक राहिलं. मुक्कामाचे नियम वनखातं बदलत असतं. निघायच्या आठवड्यात राजूरच्या वन्यजीव कार्यालयात विचारून घ्या, पाचनईत शुल्क भरून पावती घ्या. वर राहायला मनाई असेल तर पाचनईतच एखाद्या घरी उतरा, पहाटे चढा, संध्याकाळपर्यंत खाली. पोरासाठी मला तेच बरं वाटतं. ओसरीवर झोपायचं, चुलीवरचं पिठलं, भाकरी, ठेचा. आदल्या दिवशी फोन करून माणसं किती ते सांगा, म्हणजे पीठ दळून ठेवतात. आयत्या वेळी चौघं दारात आली की बाईमाणसाची धावपळ होते.

पाणी : देवळाजवळ कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, पण मी पोराला गाळून-उकळूनच देईन. पुष्करणीतलं पिऊ नका. झोपड्यांत लिंबू सरबत, ताक मिळतं, शनिवार-रविवारी नक्की. तरी माणशी दोन लिटर खालून न्या. केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढं पाणी असतं, बर्फासारखं गार. मधे मोठी पिंड, चार खांबांतला एकच शिल्लक. पोरगं उतरायचा हट्ट करणार, टॉवेल आणि कोरडे कपडे वरच्या पिशवीत ठेवा.

चिंचवडहून यायला संगमनेरला वळसा नको. आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ, कोथळे, पाचनई. कोतूळला गाडीची टाकी भरून घ्या.

ओतूरची_लेक

खूप आभार! भाऊंना "कातळकडा नावाच्या जाणकारांनी सांगितलंय" असं वाचून दाखवलं. म्हणाले, "त्याला विचार, तोलार खिंडीतला वाघ बघितलाय का?" आता काय उत्तर देऊ?

कातळकडा

खिंडीतलं व्याघ्रशिल्प ना? बघितलंय. शेंदूर लावलेलं असतं, तेही सांगा, म्हणजे विश्वास बसेल.

आणि भाऊंसाठी तोड आहे. परतीला ब्राह्मणवाड्याहून ओतूरला उतरा. माहेरी जेवण करा, तिथून माळशेजच्या रस्त्याने खुबी फाटा आणि धरणाच्या कडेने खिरेश्वर. नागेश्वराचं जुनं देऊळ गाडी थांबते तिथून जवळ आहे, कोरीवकाम बघण्यासारखं. पुढे खिंडीकडे भाऊ आणि नातू जमेल तेवढं जाऊन येतील, तुम्ही दोघं सावलीत बसा. कातळटप्प्याच्या अलीकडून मागे फिरायचं, एवढं आधी कबूल करून घ्या.

सह्यपाऊल

कोणी मधमाश्यांचं लिहिलं नाही म्हणून लिहिते. कोकणकड्याला आग्या मोहोळं असतात. अत्तर, डिओ काही लावू नका, कड्याजवळ शेकोटी-धूर नको, दगड भिरकावणं तर अजिबात नको. दगड खाली किती वेळाने पोचतो हे बघायची हौस मुलांपेक्षा मोठ्यांनाच जास्त असते. माश्या उठल्या तर हात न झाडता तोंड झाकून लांब पळायचं.

ओतूरची_लेक

नवऱ्याला दाखवलं, दगडाचं वाचून गप्प बसलाय. पाचनई ठरलं. राहायचं गावातच, परतीला खिरेश्वर. भाऊंनी ओतूरच्या दोन दोस्तांना आत्ताच फोन लावलाय, म्हणजे खिंडीत सहा माणसं धरायची. प्रवरेकाठचा दादा, पाचनईत मटण सांगितलं तर करतील का?

प्रवरेकाठचा

गावठी कोंबडी सांगा. मटणाला माणूस राजूरला पाठवावा लागेल.